प्रकल्प नोंदी: ठरवून केलेलं आणि हात वळला म्हणून केलेलं

२१ जून

विषय मंजूर झाला. एम.ए. मानसशास्त्र, दुसरं वर्ष. माणसाचा मेंदू ध्येय डोळ्यांपुढे ठेवून निर्णय कसा घेतो, आणि ध्येय न बघता कधी घेतो. मॅडमनी अर्जावर 'ध्येयनिर्देशित वर्तन' असं लिहून दिलं. पंचवटीत हा शब्द कोणाच्या तोंडात बसणार नाही. घरी आईला समजावून सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे ठरवून केलेलं आणि हात वळला म्हणून केलेलं." अहवालात मॅडमचे शब्द राहतील, वहीत आईचे.

नियम एकच: फसलेलंही लिहायचं.

२४ जून

दिवसभर सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) बसून वाचन. पंखा होता, वारा नव्हता.

सगळ्याचं मूळ उंदरांत आहे. १९८१ साली अ‍ॅडम्स आणि डिकिन्सन यांनी उंदरांना कळ दाबायला शिकवलं. कळ दाबली की साखरेची गोळी. मग कळ बाजूला काढली, तीच गोळी खायला दिली आणि लिथियम क्लोराइडचं इंजेक्शन टोचलं. उंदराला मळमळलं, गोळीची शिसारी बसली. आता पुन्हा कळीपुढे आणलं. कळ दाबल्यामुळे त्याचं आजवर काहीच वाईट झालेलं नाही. तरीही तो कळ कमी वेळा दाबतो. म्हणजे 'कळ दाबली की गोळी, आणि गोळी तर आता नकोशी' हा जोड त्यानं स्वतःच्या डोक्यात लावलेला असतो.

या प्रयोगातली खरी खुबी मला दोनदा वाचल्यावर कळली. शेवटच्या चाचणीत कळ दाबून गोळी मिळतच नाही. मिळाली असती तर उंदरानं ती तोंडात घेऊन, थुंकून, तिथल्या तिथे धडा घेतला असता, आणि त्यानं आधी विचार केला की आत्ता चाखून शिकला हे सांगता आलं नसतं. गोळी बंद ठेवली की त्याच्याकडे फक्त डोक्यातला हिशोब उरतो.

पुढच्याच वर्षी अ‍ॅडम्सनं सराव वाढवून बघितला. शंभर वेळा कळ दाबून गोळी मिळवलेला उंदीर शिसारी बसल्यावर थांबला. पाचशे वेळा दाबलेला दाबतच राहिला. गोळी नको होती, पण हात वळत होता.

शिसारी बसायच्या आधी हे दोन उंदीर शेजारी ठेवले असते तर फरक कोणालाच दिसला नसता. कळ तीच, दाबणंही तेच. ध्येयाची किंमत बदलून बघितल्याशिवाय काही कळायला मार्ग नाही.

२९ जून

मेंदूचा नकाशा. घोकून ठेवलेलं इथे उतरवते.

मेंदूच्या खोल भागात स्ट्रायटम नावाचा पुंजका आहे. उंदरात त्याचा आतल्या अंगाचा वरचा भाग निकामी केला, तर उंदीर थोड्याच सरावात सवयीचा होतो. गोळी नकोशी झाली तरी थांबत नाही. बाहेरच्या अंगाचा भाग निकामी केला, तर उलट: कितीही सराव झाला तरी तो हिशोबीच राहतो. यिन, नोल्टन आणि बॅलीन यांनी २००४ आणि २००५ साली हे दाखवलं. माणसात साधारण याच जोडीची नावं कॉडेट (हिशोबाचा) आणि प्युटामेन (सवयीचा). शिवाय डोळ्यांच्या खोबणीच्या वर, कपाळाच्या तळाशी असलेला ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स. एखादी गोष्ट आत्ता, या घडीला किती हवीशी आहे, याचा ताजा भाव तिथे मांडला जातो.

आज कॉलेजला जाताना रस्ता खणलेल्या वळणावर स्कूटर पुन्हा वळवली. सिंहस्थाच्या कामांचा फलक तिथे आठवडाभर उभा आहे. रोज वाचते, रोज परत फिरते. प्युटामेनला नमस्कार.

५ जुलै

पहिला प्रयोग. फसला, पण मजा आली.

माणसांवरचा साधा प्रयोग असा असतो: दोन बटणं, दोन पदार्थ, मग एक पदार्थ पोटभर खायला घालायचा आणि बघायचं की त्याचं बटण दाबायचं कमी होतं का. २००७ मध्ये व्हॅलेंटिन, डिकिन्सन आणि ओडोहर्टी यांनी चॉकलेट दूध आणि टोमॅटोचा रस वगैरे वापरून हे केलं. २००९ मध्ये ट्रायकोमी आणि सहकाऱ्यांनी तीन दिवस सराव करून घेतला, तेव्हा लोक पोट भरलेल्या पदार्थाचंही बटण दाबत राहिले.

माझ्याकडे पेढे आणि चिवडा. मामाचा ओम, वय नऊ, सुट्टीला आलेला. लाल बटणाला पेढा, निळ्याला चिवडा. तासभर खेळला. मग पेढे समोर ठेवले. सहा खाल्ल्यावर "आता नको" म्हणाला. पुन्हा बटणांपुढे बसवला. पठ्ठ्या लालच दाबतोय, सारखा. मी वहीत लिहिलं: एका तासात सवय! आनंदानं दोन रेघा ओढल्या.

संध्याकाळी आईनं त्याला विचारलं, "अरे, पोट भरलं होतं ना?" तो म्हणाला, "पेढे ताईसाठी जमवत होतो. तिला चिवडा आवडत नाही."

दोन रेघा खोडल्या. पेढ्याची किंमत त्याच्या पोटात उतरली होती, त्याच्या ताईच्या डब्यात नव्हती. त्याचं ध्येय काय, हे मी माझ्याच मनानं ठरवून टाकलं होतं.

८ जुलै

मॅडमना पेढ्यांचं सांगितलं. हसल्या, आणि २०१८चा एक शोधनिबंध हातात ठेवला. अ‍ॅमस्टरडॅमच्या द विट आणि इतरांनी माणसांत सरावानं सवय लावायचे पाच प्रयत्न केले, पाचही फसले, आणि ते पाचही त्यांनी छापले. असे निबंध आणखी हवेत. म्हणजे उंदरात पाचशे दाबांत जे जमतं, ते प्रयोगशाळेतल्या माणसात सहज जमत नाही.

खाण्याचा मार्ग बंद. दुसरी वाट घ्यायची.

१४ जुलै

दुसरी वाट म्हणजे दोन पायऱ्यांचा खेळ. नॅथॅनियल डॉ आणि सहकारी, २०११. या क्षेत्रात गेली बरीच वर्षं ज्याला त्याला हाच खेळ.

पहिल्या पायरीवर दोन चौकोन. एक निवडला की पुढच्या खोलीत जाता. पहिला चौकोन दहातल्या सात वेळा हिरव्या खोलीत नेतो, तीन वेळा पिवळ्या. दुसरा त्याच्या उलट. प्रत्येक खोलीत आणखी दोन खुणा, त्यातली एक निवडायची. नाणं मिळतं किंवा मिळत नाही. कोणती खूण किती वेळा नाणं देते हे हळूहळू सरकत राहतं, कधी चारातल्या एकदा तर कधी चारातल्या तीनदा, म्हणून सतत नव्यानं शिकावं लागतं. असे दोनशे डाव.

सगळी गंमत आडवळणाच्या डावात. समजा, पहिला चौकोन निवडला, नेहमीची हिरवी खोली न येता पिवळी आली, आणि तिथे नाणं मिळालं. पुढच्या डावात काय? सवयीचा माणूस म्हणेल, पहिल्या चौकोनानं नाणं दिलं, पुन्हा पहिलाच. नकाशा डोक्यात असलेला म्हणेल, नाणं पिवळ्या खोलीत आहे, आणि पिवळीकडे जायचा हमरस्ता दुसऱ्या चौकोनातून आहे. आणि तो मिळालेलं बक्षीस सोडून दुसऱ्याच चौकोनावर जाईल.

डॉ यांना लोकांत दोन्हींची सरमिसळ दिसली. मेंदूच्या चित्रांतही तसंच: स्ट्रायटमच्या खालच्या भागात, जिथे 'अपेक्षेपेक्षा किती जास्त मिळालं' हा फरक नोंदला जातो, तिथल्या संकेतात दोन्ही हिशोब एकमेकांत मिसळलेले. सवयीचा कप्पा वेगळा, नियोजनाचा वेगळा, असं माझ्या २९ जूनच्या नोंदीत जे स्वच्छ दिसतं ते इतकं स्वच्छ नाही. ती नोंद खोडत नाही. समासात प्रश्नचिन्ह टाकलं.

पायथॉनमध्ये खेळ लिहायला घेतला. चुलतभावाचा लॅपटॉप, त्याचं 'एफ' बटण अडकतं, म्हणून 'जे' आणि 'के' वापरणार.

२२ जुलै

खेळ चालू झाला. घरच्यांवर चाचणी. संमतीपत्र सगळ्यांकडून घेतलं, अण्णांनी वाचून काढलं आणि विचारलं, "यात दुकान गहाण नाही ना पडत?"

अण्णांचं रामकुंडाजवळ पूजासाहित्याचं दुकान. गंगाजळाचे तांब्याचे गडू, जानवी, कुंकू, उदबत्त्या. एकोणचाळीस वर्षं. रात्री दुकान बंद करून आल्यावर दोनशे डाव खेळले. आलेख काढला: नाणं मिळालं की तोच चौकोन, नाही मिळालं की दुसरा. हमरस्ता की आडवळण, त्यांना फरकच पडत नाही. पुस्तकात छापावा असा सवयीचा आलेख.

जेवताना त्यांना सांगितलं. "म्हणजे मी डोकं चालवत नाही?" मी म्हटलं, तसं नाही हो अण्णा, तुमचा मेंदू काटकसर करतो. ते काही बोलले नाहीत. आईनं माझ्याकडे बघितलं.

३ ऑगस्ट

आज प्रकल्पाचं काहीच केलं नाही असं वाटलं होतं. रात्री कळलं की महिन्याभरातलं सगळ्यात महत्त्वाचं आजच पाहिलं.

तीन दिवस पाऊस. सकाळी अण्णांसोबत दुकानात गेले. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पाणी होतं, पण विशेष नाही. इथे पूर मोजायची पट्टी म्हणजे दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या पायाशी, गुडघ्याशी, कमरेशी, गळ्याशी, अशीच बातमी गावभर जाते. सकाळी पाणी नुसतं पायांना लागत होतं. शेजारचे दोघं दुकानदार चहा पीत बसलेले. अण्णांनी मात्र फोन ठेवला आणि माल बांधायला काढला.

"अण्णा, अजून गुडघ्यालाही नाही."

"इथलं पाणी बघून काय करू? गंगापूर धरणाचं आत्ता सोडलंय, ते अजून वाटेत आहे."

गडू पोत्यात भरता भरता मी विचारलं, दारणा धरणही भरलंय म्हणतात, त्याचं काय? "दारणा आपल्या अंगावर येत नाही. ती खाली जाऊन मिळते, सायखेड्याकडे. त्यांनी काळजी करायची. आपल्याला गंगापूर, आणि मधे शहरातल्या नाल्यांचं जे काय येईल ते." मग आधी काय उचलायचं तेही ठरलेलं: कुंकू, कागद, वाती आधी, कारण भिजले की गेले. तांबं शेवटी. तांब्याला पाण्याचं काय भय?

शेजारचे काका म्हणाले, "मागच्या वेळी इथवर आलंच नव्हतं." अण्णा म्हणाले, "मागच्या वेळी एवढं सोडलंच नव्हतं."

दुपारी पाणी मारुतीच्या कमरेला लागलं. आमच्या ओट्यावर वीतभर. दुकान रिकामं होतं.

मागच्या वेळी काय झालं यावर न विसंबता, धरणापासून ओट्यापर्यंतचा रस्ता डोक्यात चालवून बघणारा हा माणूस. आणि माझ्या आलेखात तो पाचशे दाबांचा उंदीर.

५ ऑगस्ट

काल माल परत लावला. आज अण्णांना बसवून विचारलं, खेळताना डोक्यात काय चाललं होतं? हे आधीच विचारायला हवं होतं.

ते म्हणाले ते जसंच्या तसं:

"चौकोन कधी डावीकडे यायचा, कधी उजवीकडे. मला वाटलं त्यात काही खूण आहे. डावीकडचा चांगला, असं काही वेळ धरून चाललो." (जागा मी मुद्दाम यादृच्छिक बदलत होते. सूचनेत तसं लिहिलं नव्हतं.)

"मधेच हिरव्याऐवजी पिवळं यायचं. मला वाटलं तुझा लॅपटॉप अडकला. ते 'एफ'चं झालं ना, तसं. बिघाडाचं काय मनावर घ्यायचं?"

"आणि जिथे बोहनी झाली ती जागा लगेच सोडू नये."

सवय यात कुठेच नाही. तिन्ही ठिकाणी त्यांच्याकडे नकाशा होता, फक्त माझ्या खेळाचा नव्हता. आडवळण म्हणजे लॅपटॉपचा बिघाड असं धरलं, तर नाणं मिळालेल्या चौकोनाला चिकटणं हेच शहाणपणाचं. चुकीचा नकाशा बाहेरून हुबेहूब 'नकाशा नाही' असाच दिसतो.

त्यांना सॉरी म्हटलं. "कशाबद्दल?" म्हणाले. आलेखाचं ते विसरले होते, किंवा तसं दाखवलं.

१२ ऑगस्ट

मॅडमकडे बोहनी घेऊन गेले. त्यांनी कपाटातून निबंध काढला: कारोलिना फेहेर द सिल्वा आणि टॉड हेअर, झ्युरिच, २०२०. वाचताना कान गरम झाले, कारण माझा शोध आधीच, नीट, गणितासकट लावलेला. त्यांनी संगणकात असे खेळाडू बनवले जे शंभर टक्के नियोजनच करतात, पण खेळाबद्दल चुकीची समजूत धरून. विश्लेषण केलं तर हे खेळाडू 'अर्धे सवयीचे' म्हणून बाहेर पडतात. मग त्यांनी माणसांना तोच खेळ नीट समजावून दिला, उडत्या गालिच्यांची गोष्ट सांगून: गालिचा मंत्रानं कुठे जातो, वाऱ्यानं कधी भरकटतो. प्रत्येक आडवळणाला गोष्टीतलं कारण. लोक जवळजवळ निखळ नियोजनानं खेळले.

हिरमोड झाला आणि हायसंही वाटलं, दोन्ही.

मॅडमनी आणखी एक दाखवलं. कूल, कुशमन आणि गर्शमन, २०१६: मूळ खेळात डोकं चालवून खेळलं काय, न चालवता खेळलं काय, हाती येणारी नाणी जवळपास सारखीच. नियोजनाचा मोबदलाच नाही. हे अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मग कशाला शिणायचं?" बरोबरच आहे. पुरात शिणण्याचा मोबदला होता.

प्रकल्पाचा प्रश्न बदलला. लोक किती सवयीचे, हा नाही. एकच खेळ चौकोनांत सांगितला आणि गोष्टीत सांगितला, तर लोकांचा नकाशा कसा बदलतो, हा.

१९ ऑगस्ट

गोष्ट. उडता गालिचा नाशिकला नको. कांदा.

पहिला मसुदा: तुमच्याकडे कांदा आहे. दोन पिकअपवाले. पांढरी पिकअप दहातल्या सात वेळा पिंपळगावला जाते, निळी लासलगावला. फाटक बंद असलं किंवा रस्ता तुंबला की उलट. प्रत्येक बाजारात दोन व्यापारी. आज कोण चढा भाव देईल ते हळूहळू बदलतं.

मामाला फोनवर वाचून दाखवला. मामा पिंपळगावजवळचा, द्राक्षं आणि थोडा कांदा. तो गप्प राहिला, मग म्हणाला, "कोणता शेतकरी ड्रायव्हरच्या मर्जीवर माल सोडतो गं?" मी म्हटलं, मामा, हा खेळ आहे. "खेळ असला म्हणून काय झालं? माझा विश्वासच बसत नाही, तर पुढचं काय ऐकू?"

मुद्दा सोडून देण्यासारखा नव्हता. अर्धा तास बोलून मार्ग काढला: शेतकऱ्याला ताप आलाय, माल पुतण्यासोबत पाठवायचाय, आणि पुतण्याला रस्ता बंद दिसला की विचारायला फोन लागत नाही. मामा म्हणाला, "हां. पुतण्या असंच करतो."

भाषेच्या अडचणी: 'संभाव्यता' टाकली, 'दहातल्या सात वेळा' ठेवलं. 'यादृच्छिक' टाकून 'पिकअप कोणत्या बाजूला उभी आहे याला काही अर्थ नाही' असं सरळ लिहिलं.

२७ ऑगस्ट

मॅडमचे तीन शेरे. एक, अण्णांना दुसऱ्यांदा खेळवून 'बघा बदलले' म्हणायचं नाही. पहिल्या खेळाचा सराव झालेला आहे. नवी माणसं घे. दोन, निम्म्यांना चौकोन, निम्म्यांना कांदा, दोन्ही कोणालाच नाही, आणि वाटणी चिठ्ठ्या टाकून. तीन, प्रत्येकाला शेवटी विचार, 'तुम्हाला काय वाटत होतं?' आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिही.

(अण्णांना तरी खेळवलं, मोजणीबाहेर. पहिल्याच आडवळणाला म्हणाले, "लासलगावला भाव आहे होय? मग निळी." मी शांतपणे दुसरीकडे बघितलं.)

१८ सप्टेंबर

गणपतीच्या गडबडीतही बरीच माणसं झाली. घाटावरचे दुकानदार, माझ्या वर्गातल्या मुली, वाड्यातले शेजारी. एकूण बावीस. संख्या लहान, टक्केवारी काढत नाही. कांद्याच्या गटातल्या बहुतेकांनी आडवळणानंतर पिकअप बदलली. चौकोनांच्या गटात चित्र विस्कळीत, आणि उत्तरांची वही बघितली की विस्कळीतपणाचं कारण कळतं: 'निळा रंग शुभ', 'सलग तीनदा मिळालं की चौथ्यांदा नाही मिळत', 'मशीन माझ्याकडे बघून ठरवतंय'. एकही रिकामं डोकं नाही.

समोरच्या काकूंचा डाव वेगळाच झाला. त्यांनी कुकर लावला होता. म्हणाल्या, खेळते, पण तीन शिट्ट्या मोजायच्यात, मग खिचडीचा दुसरा कुकर. मी मनात म्हटलं, सोनं! २०१३ मध्ये ऑटो, गर्शमन, मार्कमन आणि डॉ यांनी लोकांना हा खेळ खेळता खेळता दुसरंच काहीतरी आकड्यांचं लक्षात ठेवायला लावलं, तेव्हा नियोजन ढासळलं. नकाशा चालवायला डोक्यात मोकळी जागा लागते. आणि माझ्याकडे आयता कुकर. काकूंची गोष्ट कांद्याची, तरी आलेख ना इकडचा ना तिकडचा. समासात लिहिलं: 'ताण: शिट्ट्या'. शेवटचा प्रश्न विचारायचा राहिला. त्या खिचडीकडे धावल्या.

२९ सप्टेंबर

मामाकडे. छाटणीचे दिवस.

मामा सकाळपासून बांधावर उभा. मामी म्हणाली, "दोन दिवस असाच उभा असतो, जेवायला हाक मारली तरी ऐकू येत नाही." मी शेजारी जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळानं तो बोलायला लागला, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे. आत्ता छाटली तर माल लवकर, भाव बरा. पण परतीचा पाऊस फुलोऱ्यात सापडला तर डावणी रोग, मग फवारणीवर फवारणी, आणि घड जिरले तर सगळंच गेलं. पंधरा दिवस थांबलो तर पाऊस टळेल, पण मग माल सगळ्यांच्या बरोबर येणार, भाव पडणार, आणि मजूर तरी त्या वेळी कुठले मिळायला. मधेच म्हणाला, "निम्मी आज, निम्मी नंतर?" आणि स्वतःच मान हलवली. "दोनदा मजूर."

२००७ मध्ये मिनेसोटातल्या जॉन्सन आणि रेडिश यांनी उंदीर चक्रव्यूहाच्या फाट्यावर थबकतो तेव्हा त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या जागा ओळखणाऱ्या भागात, काय चालतं ते टिपलं. तिथल्या ज्या पेशी एरवी 'मी आत्ता इथे आहे' असं सांगतात, त्या उंदीर जागेवर उभा असतानाच पुढच्या जागांसाठी पेटत गेल्या. आधी एका वाटेवरून, मग दुसऱ्या. पाय न हलवता तो दोन्हीकडे जाऊन येत होता. जुन्या प्रयोगांत फाट्यावर इकडेतिकडे मान वळवणारा उंदीर टोलमन या मानसशास्त्रज्ञाच्या काळापासून लोकांनी पाहिला होता. आत काय चालतं ते मात्र तेव्हा दिसत नव्हतं.

मामाची मान वळत नव्हती. नजर मात्र वेलींवर नव्हती, हे दिसत होतं. त्याच्या डोक्यात जानेवारी होता, मग फेब्रुवारी, मग परत जानेवारी.

आणि असं उभं राहणं महाग असतं. मामी जेवणावर थांबलेली, मजूर ठेकेदाराचे दोन फोन येऊन गेलेले. वर्षाला एकदाच येणारा निर्णय म्हणून परवडतं. रोज दूध काढताना मामा असा उभा राहिला तर गाय लाथ मारेल. हात वळतो तेही काही उणं नाही. तो आहे म्हणून बांधावर उभं राहायला वेळ मिळतो.

चार वाजता मामानं ठेकेदाराला फोन केला. "गुरुवारपासून." कसं ठरलं ते विचारलं, तर म्हणाला, "ठरलं." इतके दिवस मी लोकांच्या उत्तरांची वही भरतेय, आणि जिथे सगळ्यात जास्त विचार झाला तिथलं उत्तर एका शब्दाचं.

६ ऑक्टोबर

अहवालाचा पहिला खर्डा मॅडमकडे. 'सवय' हा शब्द जिथे जिथे होता तिथे त्यांनी लाल रेघ मारून 'हे तू पाहिलंस का, की धरून चाललीस?' असं लिहिलंय. अकरा ठिकाणी. नऊ ठिकाणी धरून चालले होते.

११ ऑक्टोबर

समोरच्या काकूंचा डबा परत करायला गेले, तेव्हा राहिलेला प्रश्न विचारला. शिट्ट्या मोजत खेळताना गोंधळ उडत होता का?

"शिट्ट्यांचा कसला गोंधळ? तीस वर्षं मोजतेय, त्या कानाला आपोआप कळतात. झोपेतसुद्धा सांगेन."

मग खेळताना डोक्यात काय होतं?

"तुझा अभ्यास आहे ना गं. मला वाटलं सगळ्या व्यापाऱ्यांची माहिती तुला सारखी मिळायला हवी. म्हणून दोन्ही पिकअप, चारही व्यापारी, सगळ्यांना सारख्या वेळा पाठवत होते. बोटांवर मोजत होते मी. एखादा राहून गेला असेल तर सांग, परत खेळते."

घरी येऊन समासातलं 'ताण: शिट्ट्या' खोडलं. त्यांचे दोनशे डाव उघडून मोजले. पांढरी शंभर, निळी शंभर.

हा डेटा ठेवायचा की काढायचा, हे सोमवारी मॅडमना विचारायचं.